डिस्टिलर म्हणजे कोण?



गळीत हंगाम संपला, शेवटची मोळी गव्हाणीत पडली, बॉयलर थंडावला की आपल्या भागात दुसरा हंगाम सुरू होतो, तो लग्नसराईचा. या लेखाची सुरुवात त्याच हंगामातल्या एका प्रसंगाने करतो. प्रसंग घरचा आहे. परंतु त्यातून जो प्रश्न निघाला तो आपणा सर्वांचा आहे, म्हणून तो या पत्रिकेतून आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

माझी पुतणी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. पुढे मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तिने पुरा केला आणि आता ती कारखान्याच्या आसवनीत म्हणजे डिस्टिलरीत नोकरी करते. तिला पाहायला शेजारच्या तालुक्यातले पाहुणे आले होते. घर चांगले, माळकरी. कांदापोहे झाले. मुलाच्या आजींनी परिचयपत्रक नातवाकडून वाचून घेतले आणि विचारले, "बाळ, ही डिस्टिलरी म्हंजे काय गं?"

पोरगी उत्तर देणार एवढ्यात मुलाचे चुलते हसत हसत बोलून गेले, "अगं आई, दारूचा कारखाना. पोरगी डिस्टिलर हाय, डिस्टिलर!"

त्यांनी गंमत केली, पण आजींनी हातातली कपबशी खाली ठेवली. गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून त्या म्हणाल्या, "माझा थोरला दारूनं गेला. त्या घरात दारू गाळणारीला सून म्हणून कशी आणू?" पाहुणे उठले. आमच्या वहिनींच्या डोळ्याला पदर लागला. धाकटा भाऊ मला म्हणाला, "नाना, तुमी तीस वर्सं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. ह्या एका शब्दाचा अर्थ कुणाला नीट सांगितला न्हाई."

भावाचे बोलणे मनाला लागले. रात्री कपाटातले शब्दकोश काढले. दुसऱ्या दिवशी पुतणीबरोबर आसवनीत जाऊन आलो. जे हाती लागले ते असे.

थेंबाचा शब्द

'डिस्टिल' हा शब्द इंग्रजीत लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये 'स्टिला' म्हणजे थेंब, 'स्टिलारे' म्हणजे ठिबकणे आणि 'दे' म्हणजे खाली. खाली थेंब थेंब पडणे, एवढाच मूळचा अर्थ. त्यात दारू कुठेही नाही. द्रव तापवायचा, त्याची वाफ करायची, ती वाफ थंड करून पुन्हा थेंबाथेंबाने गोळा करायची, या क्रियेला डिस्टिलेशन म्हणतात. ती करणारा माणूस अथवा कंपनी म्हणजे डिस्टिलर आणि ती जिथे चालते ती जागा म्हणजे डिस्टिलरी. ज्या भांड्यात द्रव तापवतात त्या भांड्याला इंग्रजीत 'स्टिल' म्हणतात, तो याच शब्दाचा तुकडा आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे त्यांनी हा शब्द हजार वेळा उच्चारला असेल. बॅटरीत आपण काय घालतो? 'डिस्टिल वॉटर'. पाणी उकळून त्याची वाफ गोळा केली की क्षार मागे राहतात आणि स्वच्छ पाणी मिळते. त्या बाटलीला आजवर कोणी दारूची बाटली म्हटलेले नाही.

युरोपात हा शब्द आधी वैद्य आणि औषधी विकणारे यांच्या तोंडी होता. स्ट्रासबुर्ग शहरातला शस्त्रवैद्य हिएरोनिमस ब्रुन्श्विग याने डिस्टिलेशनच्या कलेवर जो ग्रंथ १५०० साली छापला, त्याचा इंग्रजी अनुवाद १५२७ साली निघाला. त्यात भर आहे तो झाडपाल्याचे अर्क काढून रोग्यांना देण्यावर. पुढे १६३८ साली इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने लंडनच्या डिस्टिलर मंडळींच्या संघाला सनद दिली. तो संघ उभा करण्यात राजवैद्य थिओडोर द मायर्न याचा पुढाकार होता. लंडन व वेस्टमिन्स्टर आणि भोवतालच्या २१ मैलांत स्पिरिट गाळण्याच्या धंद्यावर देखरेख ठेवण्याचा अधिकार या संघाला मिळाला. म्हणजे डिस्टिलर या शब्दावर जबाबदारी आली ती वैद्यांच्या हातून. माल चोख असावा, कोणाच्या जिवाला अपाय होऊ नये, यासाठी. त्या संघाच्या ब्रीदवाक्यातही पाऊस आणि दव आहे, प्याला नाही.

सोबतचे दोन शब्दही पाहून घेऊ. 'स्पिरिट' हा शब्द लॅटिन 'स्पिरितुस'वरून आला. त्याचा अर्थ श्वास, प्राण. भांड्यातून उठणाऱ्या वाफेला जुन्या किमयागारांनी त्या पदार्थाचा प्राण मानले. 'अल्कोहोल' हा शब्द अरबी 'अल्-कुह्ल'वरून आला. कुह्ल म्हणजे डोळ्यांत घालायचा बारीक सुरमा. बारीक पूड, मग कोणत्याही पदार्थाचे सार, आणि मग द्राक्षमद्याचे सार, असा त्या शब्दाचा प्रवास झाला. आपल्या आयाबहिणींच्या डोळ्यांतला सुरमा आणि आपल्या टाकीतले अल्कोहोल यांचे नाव एकच, हे कळल्यावर मला स्वतःला मोठी मौज वाटली.

मराठी काय म्हणते?

आपल्या भाषेकडे वळलो तर त्याहून नवल. मराठीत ऊस 'गाळतात' आणि दारूही 'गाळतात'. आपल्या कामाला आपण गाळप म्हणतो, हंगामाला गळीत हंगाम म्हणतो, तेलबियांना गळिताची पिके म्हणतो. मुळात 'गळणे' म्हणजे थेंब थेंब पडणे आणि 'गाळणे' म्हणजे थेंब पाडणे. लॅटिन शब्दाचा अर्थ मराठी शब्दात जसाच्या तसा बसतो. या हिशेबाने उसाचा प्रत्येक शेतकरी गाळपाचा भागीदार, आणि डिस्टिलर म्हणजे शुद्ध मराठीत 'गाळणारा'. आजींनी 'दारू गाळणारी' म्हटले. त्यातला दुसरा शब्द बिनचूक होता, तपासायचा होता तो पहिला.

शाळेच्या पुस्तकात डिस्टिलेशनला 'ऊर्ध्वपातन' म्हणतात. वर नेऊन खाली पाडणे, असा तो शब्द. हा रसशास्त्रातला, पारा शुद्ध करण्याच्या क्रियेतला जुना शब्द आहे. सरकारी कागदात डिस्टिलरीला 'आसवनी' म्हणतात. तो आसवावरून आला. आसव हा शब्द संस्कृतातल्या 'सु' या धातूपासून, त्याचा अर्थ पिळून रस काढणे. मात्र आयुर्वेदातली आसवे आणि अरिष्टे आंबवून तयार होतात, वाफ करून नव्हे, हा फरक ध्यानी ठेवावा. आणि आपण रोज वापरतो तो 'अर्क' शब्द अरबी 'अरक'वरून आला. अरक म्हणजे घाम. झाकणाला आतून वाफेचा घाम सुटतो, त्याचे थेंब होतात, तेच अर्क. पुदिन्याचा अर्क काय, ओव्याचा काय, तो काढणाराही डिस्टिलरच.

कोणाला काय म्हणावे?

इंग्रजीत या धंद्यातल्या प्रत्येकाला वेगळे नाव आहे आणि आपल्याकडे या नावांची सरमिसळ होते. धान्य आंबवून बिअर करणारा तो ब्रुअर. त्याच्याकडे वाफेचा खेळ नाही. द्राक्षरस आंबवून वाइन करणारा तो वाइनमेकर. आंबवलेल्या द्रवाची वाफ करून स्पिरिट वेगळे काढणारा तो डिस्टिलर. एकदा गाळलेले स्पिरिट पुन्हा गाळून अधिक शुद्ध करणारा तो रेक्टिफायर. 'रेक्टिफाइड स्पिरिट' हे नाव त्यावरूनच पडले, रेक्टिफाय म्हणजे दुरुस्त करणे. तयार माल बाटलीत भरणारा तो बॉटलर. चोरून, सरकारची नजर चुकवून रात्री-अपरात्री गाळणाऱ्याला मूनशाइनर म्हणतात, चांदण्यात काम करणारा. आपला हातभट्टीवाला तो हाच. आणि बूटलेगर म्हणजे बुटात बाटली लपवून नेणारा, चोरटी विक्री करणारा. तो गाळतोच असे नाही.

गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवून गाळतात. पहिल्या गाळपाला उर्राक म्हणतात आणि पुन्हा गाळून फेणी होते. या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे गाळणारा हा परवानाधारक कारागीर आहे. एकच क्रिया, पण परवाना, माल आणि जबाबदारी बदलली की माणसाचे नाव बदलते, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे 'पहिल्या धारेची' असे कौतुकाने म्हणतात. खरा डिस्टिलर पहिल्या धारेचे कौतुक करीत नाही. पहिल्या धारेत अल्डिहाइडसारखी लवकर उडणारी द्रव्ये येतात, शेवटी फ्यूजेल तेलासारखी जड द्रव्ये येतात. दोन्ही बाजूला काढून मधला भाग घ्यायचा, हेच त्याचे कसब. पुतणीने मला हे सांगितले तेव्हा मी म्हटले, "म्हणजे दळणातून खडे काढावे तसं?" ती म्हणाली, "तसंच नाना, फक्त हितं खडे दिसत न्हाईत."

टाकीवरची नावे वाचायला शिका

आता आपल्या घरच्या हिशेबाकडे येऊ. उसातून साखर काढून उरते ती मळी. सर्वांत शेवटी उरलेल्या, म्हणजे सी-हेवी मळीच्या एका टनातून साधारण २२० ते २३० लिटर अल्कोहोल मिळते. साखरेचा एक टप्पा कमी घेऊन ठेवलेल्या बी-हेवी मळीतून त्याहून जास्त, ३०० लिटरच्या आसपास. मळीत पाणी घालून यीस्ट सोडले की ती फसफसते. या आंबोणाला वॉश म्हणतात. त्यात अल्कोहोल शंभरात आठ-दहा भाग असते. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, अल्कोहोल सुमारे ७८ अंशांना. या बावीस अंशांच्या फरकावर अख्खी आसवनी उभी आहे. उंच मनोऱ्यासारख्या कॉलममध्ये अल्कोहोलची वाफ वर चढते, पाणी खाली राहते.

इथून पुढे टाक्यांवरची नावे बदलत जातात. सभासदांनी ही नावे ओळखली पाहिजेत, कारण प्रत्येक नावाचा भाव वेगळा, कर वेगळा, गिऱ्हाईक वेगळे.

रेक्टिफाइड स्पिरिट म्हणजे सुमारे ९५ टक्के अल्कोहोल. हा रसायन कारखान्यांचा कच्चा माल. एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल, ज्याला कागदावर ईएनए लिहितात, ते आणखी गाळून वास-चव काढलेले. ते मद्य कंपन्या घेतात, तसेच औषधे आणि अत्तरे करणारेही घेतात. डिनेचर्ड स्पिरिट म्हणजे पिता येऊ नये म्हणून मुद्दाम कडू किंवा विषारी द्रव्य मिसळलेले. आणि अॅब्सोल्यूट अल्कोहोल म्हणजे ९९.५ टक्क्यांच्या वरचे, पाण्याचा जवळजवळ अंशही नसलेले. साध्या उकळण्याने ९५-९६ टक्क्यांच्या पुढे पाणी सुटत नाही. म्हणून ते पाणी शोषून घेणाऱ्या बारीक मण्यांतून, ज्याला मॉलिक्युलर सीव्ह म्हणतात, त्यातून न्यावे लागते. पेट्रोलमध्ये मिसळतात ते इथेनॉल हेच.

इंधनाची कल्पनाही नवी नाही. १९४८ सालीच आपल्या देशात पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता. पेट्रोलमध्ये ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम २००३ साली काही राज्यांत सुरू झाला. २०२२ च्या जूनमध्ये देशाने १० टक्के गाठले आणि २०२५ साली मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचले. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा याच आसवन्यांना हात धुण्याचे सॅनिटायझर करण्याचे परवाने मिळाले आणि दवाखान्यांना माल गेला. त्या दिवसांत कोणी डिस्टिलरीला नावे ठेवल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

एका शब्दाने किती फरक पडतो त्याचा आणखी दाखला देतो. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर त्या हंगामापुरता चाप लावला. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये तो उठवला. 'रस', 'बी-हेवी' आणि 'सी-हेवी' यांतला फरक ज्यांना ठाऊक नव्हता, त्यांना आपल्या बिलावर काय परिणाम होणार हेच उमगले नाही. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने मळीवरचा कर २८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले आणि पिण्याच्या मद्यासाठीचे ईएनए जीएसटीबाहेर ठेवायचे ठरवले. एकच टाकी, पण तोच माल कशासाठी जाणार यावर कर ठरतो.

कोर्टातही शब्दाचाच वाद

आपण म्हणाल, गुरुजी शब्दांचा फारच कीस काढतात. पण हाच कीस देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने काढला आहे, तोही एकदा नव्हे.

मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यात 'लिकर' या शब्दाची व्याख्या एवढी मोठी होती की अल्कोहोल असलेले सगळे द्रव तिच्यात येत. मग खोकल्याच्या औषधाचे काय आणि अत्तराचे काय? १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्याख्या कायम ठेवली, परंतु औषधे आणि प्रसाधने बाळगण्या-वापरण्यावरचे निर्बंध अवाजवी म्हणून रद्द केले.

पुढचा प्रश्न होता कारखान्यात वापरायच्या अल्कोहोलचा. राज्यघटनेत 'मादक मद्य' हा विषय राज्यांकडे आहे. मग जे पिता येत नाही ते औद्योगिक अल्कोहोल 'मादक मद्य' म्हणायचे काय? १९८९ साली सिंथेटिक्स अँड केमिकल्सच्या खटल्यात सात न्यायमूर्तींनी सांगितले की, नाही. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी लालताप्रसाद वैश्य खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने तो निकाल फिरवला आणि औद्योगिक अल्कोहोलही त्या शब्दात येते, त्यावर राज्यांचा अधिकार चालतो, असे ठरवले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी बहुमताचा निकाल लिहिला, न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी वेगळे मत नोंदवले. जवळजवळ पस्तीस वर्षे एक अर्थ चालला आणि मग दुसरा अर्थ आला. तेव्हा आमच्या पाहुण्यांचा एका चहाच्या बैठकीत गोंधळ उडाला तर त्यांना दोष का द्यावा?

शब्द चुकला तर जीव जातो

इथपर्यंतचे वाचून कोणाला वाटेल की मी डिस्टिलरीची वकिली करतो आहे. तसे नाही. काही कडू गोष्टीही सांगणे भाग आहे.

'स्पिरिट' हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. दवाखान्यात सुई टोचण्याआधी कापसाला लावतात ते स्पिरिट, सुतार पॉलिशमध्ये घालतो ते स्पिरिट, आणि 'कारखान्यातनं आणलंय, चोख स्पिरिट हाय' म्हणून रात्री कोणी कानाशी लागतो तेही स्पिरिट. या एका नावाखाली दोन वेगळी अल्कोहोले दडलेली असतात. उसाच्या मळीतून यीस्ट करते ते एथिल अल्कोहोल. दुसरे मेथिल अल्कोहोल, ज्याला मेथेनॉल म्हणतात. पूर्वी ते लाकूड तापवून काढीत, आज रसायन कारखान्यात होते. दिसायला दोन्ही पाण्यासारखी, वासालाही जवळपास सारखी. पण मेथेनॉलचे पोटात गेल्यावर जे होते त्याने आधी डोळे जातात, मग जीव. त्याला फार लागतही नाही, काही घोट पुरे. मुंबईत मालवणी भागात जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे गेली, ती अशा मेथेनॉलमिश्रित दारूने. बहुतेक रोजावर काम करणारी, घरची कमावती माणसे.

म्हणून सांगतो, टँकरमधून गळालेले, कॅनमधून चोरलेले, कोणीही 'स्पिरिट' म्हणून दिलेले काहीही तोंडाला लावू नका. आणि कोणी घेतलेच असेल व त्याला धुरकट दिसू लागले, पोटात कळा येऊ लागल्या, तर उतरेल म्हणून वाट पाहू नका, लिंबूपाणी पाजत बसू नका. तडक मोठ्या दवाखान्यात न्या आणि काय प्यायला ते डॉक्टरांना न लपवता सांगा. वेळेवर उपचार झाले तर माणूस वाचू शकतो.

दुसरी कडू गोष्ट पाण्याची. वॉशमधून अल्कोहोल काढून घेतले की काळे, उग्र वासाचे पाणी उरते, त्याला स्पेंट वॉश म्हणतात. जुन्या पद्धतीत एक लिटर अल्कोहोलमागे दहा-पंधरा लिटर असे पाणी निघे. ते ओढ्याला सोडले तर मासे मरतात आणि विहिरी नासतात. आता ते आटवून जाळण्याची, त्यातून गॅस काढण्याची, राखेतले पालाश खतासाठी घेण्याची सोय आहे आणि बाहेर थेंबही न सोडण्याचे बंधन आहे. जो डिस्टिलर वरच्या थेंबाचा हिशेब ठेवतो आणि खालच्या थेंबाचा ठेवत नाही, त्याला मी तरी डिस्टिलर म्हणणार नाही.

पुन्हा आजींकडे

हे सारे वाचून झाल्यावर मी पुतणीला म्हटले, "तुझ्या परिचयपत्रकात 'केमिस्ट' एवढंच लिहू. डिस्टिलरी कशाला?"

ती म्हणाली, "नाना, मग मी काय लपवायचं काम करते का? त्यापेक्षा आजींना एकदा आसवनी बघायला बोलवा. स्थळ जुळलं न्हाई तरी चालंल. पण त्या म्हाताऱ्या माणसाच्या मनात माझ्याबद्दल तसं राहू नये."

मध्यस्थांमार्फत निरोप धाडला. मला आशा नव्हती. पण पंधरा दिवसांनी आजी नातवाला घेऊन आल्या. रीतसर परवानगी काढली, कारण आसवनीत कोणालाही असे सोडत नाहीत. राज्य उत्पादन शुल्क विभागाचे अधिकारी तिथे असतात आणि टाक्यांना त्यांचे कुलूप असते. हे कुलूप पाहून आजी म्हणाल्या, "म्हंजे तुमच्यावर सरकारचाबी भरवसा न्हाई म्हणायचा!" सगळे हसले.

पुतणीने त्यांना कॉलम दाखवला. काचेतून थेंब कसे पडतात ते दाखवले. पेट्रोलसाठीचे इथेनॉल कोणत्या टाकीत ते दाखवले. आजींनी सगळे ऐकून घेतले आणि मग मुद्द्याला हात घातला. "समदं खरं. पर पिण्याची हितं व्हती का न्हाई, तेवढं सांग."

तिथे उभे असलेले आम्ही सगळे गप्प झालो. पोरगी म्हणाली, "आजी, पिण्याची दारू आम्ही करत न्हाई. जास्त करून माल पेट्रोलात जातो. पण काही स्पिरिट दारूच्या कंपन्या विकत घेतात, ते हितूनच जातं. त्यात माझाबी हात लागलेला असतो. तुमच्या घरात जे झालं ते ऐकून मी खोटं बोलणार न्हाई."

आजी बराच वेळ त्या थेंबांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या पोराला कुणीच असं खरं सांगितलं न्हाई. ज्यानं त्यानं औषधच म्हणून दिलं." आणि जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "पोरी, कागदावर जे लिवलंयस ते तसंच ऱ्हाऊ दे."

पत्रिका पुढे जुळते की नाही ते यथावकाश कळेलच. तो आमच्या दोन घरांचा प्रश्न आहे.

सभासदांपुढचा प्रश्न निराळा. आसवनी आपली आहे, तिच्यात आपला भाग आहे, म्हणजे तिथे जे गाळले जाते त्याचे अर्धे नाव आपल्याला लागते. 'डिस्टिलर' हा शब्द आपल्याला हिणकस वाटू नये असे वाटत असेल, तर तो चोख ठेवण्याचे कामही आपलेच. येत्या वार्षिक सभेत अहवाल हातात पडेल तेव्हा साखरेच्या पोत्यांच्या आकड्यावर न थांबता पुढचे पान उलटा. इथेनॉल किती, रेक्टिफाइड किती, ईएनए किती, ते कोणाला गेले, आणि स्पेंट वॉशचे काय केले, हे पाच प्रश्न विचारा. संचालक मंडळींना राग येणार नाही. विचारणारा सभासद असला की सांगणाऱ्यालाही हुरूप येतो.

थेंब मोजणारा तो डिस्टिलर. आपण निदान आकडे तरी मोजूया.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद व निवृत्त शिक्षक